कातडीचा पंचनामा

२ डिसेंबर २०२४, सोमवार

शिवानीकडून ही वही मागवून घेतली. पोरीला वाटलं, बाप वेळ घालवायला काहीतरी लिहीत बसेल. मी पुरावा म्हणून लिहिणार आहे. उद्या काही वाईट झालं तर कोण कधी काय बोललं ते तारखेनिशी कागदावर असावं. वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं निरीक्षक होतो. तोंडी बोललेलं टिकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

घटना अशी. २२ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास होटगी रोडवर उसाच्या ट्रॉलीचा माझ्या स्कूटरला धक्का लागला. मी पडलो आणि डावा पाय चाकाबरोबर फरफटत गेला. घोट्याच्या वर वीतभर कातडी निघून गेली. आत स्नायूंचे पांढरे दोर उघडे पडलेत आणि एका ठिकाणी हाड दिसतं. पहिल्या दवाखान्यात दोनदा जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, आणि मग तिथले डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढायची मनाची तयारी ठेवा. म्हणून परवा या हॉस्पिटलात आलो.

इथल्या प्लास्टिक सर्जन डॉ. वैष्णवी. वय पस्तिशीच्या आतलं. एवढ्या लहान वयाच्या बाईवर पाय सोपवायचा का, हा पहिला प्रश्न. ती म्हणाली, "काका, उघड्या हाडावर नुसती मांडीची कातडी लावली तर ती धरत नाही. आधी खाली तिला बसायला जागा तयार करावी लागते. त्यासाठी मी कृत्रिम त्वचेचा थर घालणार आहे. तीन आठवड्यांत तुमच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतील. मग वरची पारदर्शक पट्टी काढून मांडीची पातळ कातडी लावू."

मग तिनं संमतीपत्राची तीन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. मी त्या वेळी दानेश्वरीच्या तोंडाकडे बघत होतो. साक्षीदाराच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवायची माझी सवय आहे. आणि माझ्या ध्यानात आलं की बायकोला एकाही गोष्टीचं नवल वाटत नव्हतं. म्हणजे हिला हे आधीच कुणीतरी सांगितलेलं आहे. माझ्या माघारी.

तिन्ही पानांवर सही केली.

४ डिसेंबर

काल ऑपरेशन झालं. पायाला नळी लावली आहे आणि एक यंत्र दिवसभर घुरघुरत जखमेतलं पाणी ओढतं.

सकाळी सलाइनची बाटली वरच्या आकड्याला अडकवायची होती, तर दानेश्वरीनं बजाबाईंना हाक मारली. बजाबाई या वॉर्डातल्या मावशी, करकंबच्या. दानेश्वरीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. जुनं आहे ते, भाजल्यापासूनचं. घरीसुद्धा वरच्या फळीवरचे डबे मीच काढून देतो. डॉक्टर दारात उभी राहून हे बघत होती. माझ्या पायाकडे नव्हे, बायकोकडे. का?

दुपारी दोघी व्हरांड्यात बोलत होत्या. डॉक्टरचा हात दानेश्वरीच्या खांद्यावर होता. दार उघडं होतं. मी बघतोय हे लक्षात येताच दोघी गप्प झाल्या.

नोंद करून ठेवतो.

७ डिसेंबर, शनिवार

शेजारच्या खाटेवर सांगोल्याचे महिपती आहेत. डाळिंबाची बाग आहे त्यांची. साखरेचा आजार, टाचेला खोल जखम. माणूस बोलका. दिवसभर बोलतो, झोपेतही बोलतो.

आज त्यांची पट्टी बदलली. मी विचारलं, तुमच्या पायाला काय लावलंय?

"माशाच्या कातड्यातनं काडलेला पडदा हाय म्हनं," ते म्हणाले. "मी म्हनलं लावा. गावाकडं मासं खातोच की मी. पोटात चालतंय तर पायाला का चालू नये?"

"आणि माझ्या पायाला?"

"ते तुमी इचारा की. तुमी साहेब."

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग आहे. अशा माणसाच्या अंगात काय घातलंय हे त्याला ठाऊक नसावं?

दानेश्वरीला विचारलं. ती टॉवेलची घडी करत होती. म्हणाली, "डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं की त्या दिवशी. तुम्ही सही केलीत." आणि दुसऱ्याच विषयावर गेली. सरळ उत्तर टाळणाऱ्या दुकानदारासारखी.

११ डिसेंबर

पट्टी बदलताना पहिल्यांदा पाय पाहिला. वर चकचकीत पारदर्शक पट्टी, तिच्याखाली लाल. कडेला थोडं पिवळसर. मी म्हणालो, पू झालाय. डॉक्टर म्हणाली, "पू नाही काका. रंग असाच बदलत जातो. आधी लाल, मग फिकट, मग पिकल्या पपईसारखा. तसा झाला की समजायचं, जमलं."

पपई! माल पिकला की खपला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. दानेश्वरी रोज अकराला बाहेर जाते आणि बाराच्या आसपास येते. विचारलं तर म्हणते, पाय मोकळे करून येते. आज ती हात धुवायला गेली असताना मी तिची पिशवी उघडली. बायकोची पिशवी तपासणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी तपासली. आत एक छापील संमतीपत्र होतं. तिचं नाव लिहिलेलं, सही नाही. मागच्या बाजूला माणसाच्या शरीराची रेखाकृती आणि उजव्या काखेपासून छातीच्या कडेपर्यंत पेनानं आडव्या रेघा. मांडीवर एक चौकोन. खाली लिहिलेलं, ६ जानेवारी.

तासभर विचार केला तेव्हा उलगडा झाला. माझ्या पायाला जे लावलंय ते टिकणार नाही हे डॉक्टरला ठाऊक आहे. म्हणून दानेश्वरीची कातडी काढून मला लावायचा बेत आहे. मला न विचारता! आणि तीही कुठली, तर भाजलेल्या जागेची. मालसुद्धा दुय्यम दर्जाचा.

मला बरं वाटलं का वाईट, हे नीट सांगता येत नाही. बायको माझ्यासाठी एवढं करायला तयार झाली. पण मग लपवते कशाला?

१४ डिसेंबर, शनिवार

आज सगळं बाहेर आलं.

सकाळी नर्सबाई माझी फाइल खाटेवर ठेवून फोन घ्यायला गेल्या. फाइल उघडली. ऑपरेशनच्या कागदावर कृत्रिम त्वचेच्या खोक्यावरचं लेबल चिकटवलेलं होतं. उत्पादकाचं नाव, बॅच, महिना, मुदत, सगळं जागेवर. पुढे इंग्रजीत 'बोव्हाइन कोलॅजन'. मोबाइलवर अर्थ पाहिला. गाईगुरांचं.

दानेश्वरी खाली बसून संत्रं सोलत होती. मी फाइल तिच्यासमोर आपटली. म्हणालो, तुला ठाऊक होतं ना?

ती म्हणाली, "हो."

मग मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. शेवटचं वाक्य मात्र लिहितो, कारण ते मी विचार करून बोललो: "असलं काही अंगात घालून घेणाऱ्या माणसाच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही."

महिपती खाटेवरून म्हणाले, "साहेब, मग सवताच्या हातानं पानी कसं पेनार तुमी?"

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. दानेश्वरीनं सोललेलं संत्रं ताटलीत ठेवलं, पदर सारखा केला आणि बाहेर गेली. ती रडली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. अपराधी नसलेली बाई रडली असती.

१५ डिसेंबर

डॉक्टरला बोलावून घेतलं. म्हणालो, हे काढा. आत्ता. नाहीतर मी तक्रार करणार.

तिनं स्टूल ओढलं. माझ्या फाइलमधून संमतीपत्राचं दुसरं पान काढून समोर धरलं. मराठीत स्वच्छ लिहिलेलं होतं: या थरातील कोलॅजन गोवंशाच्या स्नायुबंधापासून मिळवलेले असून रुग्णास धार्मिक वा अन्य हरकत असल्यास तसे सांगावे. त्याच्याच खाली माझी सही. महेश्वर. रेघ ओढून, दोन टिंबं देऊन, मी तीस वर्षं करत आलो तशी.

"मी हे वाक्य थांबून वाचलं होतं," ती म्हणाली. "काकूंकडे बघत होतात तुम्ही. तुम्ही ऐकलंत की नाही हे मी तपासायला हवं होतं. ती चूक माझी."

 चूक कबूल करणारा माणूस खात्यात असताना मला फारसा भेटला नव्हता.

मग तिनं हातमोजे घातले आणि पट्टी सोडली. पारदर्शक थरावरून माझ्या पायावर बोट दाबलं. बोटाखालची जागा पांढरी झाली. बोट उचललं, तर हळूहळू लाल परत आलं.

"हे तुमचं रक्त आहे. दहा दिवसांपूर्वी इथे हाड दिसत होतं. जे घातलं ते आता जाळीसारखं आहे, त्यात तुमच्याच पेशी वाढतायत. काही महिन्यांनी ते उरणारही नाही, तुमचं शरीर ते विरघळवून स्वतःचं बांधेल. काढायचं तर मी काढीन, पण मग पाय वाचवायचं वचन देता येणार नाही."

"पाय गेला तर?" मी विचारलं.

"तो तुमचा निर्णय. पण आज तरी तिन्ही पानं वाचून मग ठरवा."

वाचली. दोनदा. काढू नका म्हणालो.

संध्याकाळी लिंगपूजा केली नाही. हात जाईना.

१६ डिसेंबर

खाटेशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात फाडलेल्या कागदाचे तुकडे दिसले. वाकून बघितलं. रेखाकृतीचा एक खांदा ओळखू आला. म्हणजे तो दुसरा बेत गुंडाळला. माझ्या आवाजानं घाबरल्या. पुरावा नष्ट करण्याइतकी घाई झाली.

दानेश्वरी आता अकराला बाहेर जात नाही. दिवसभर स्टुलावर बसून असते. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. जेवणाचा डबा माझ्यासमोर ठेवते, पाणी मात्र बजाबाईंकडून भरून घेते आणि त्यांच्याच हातून मला द्यायला लावते. हे काय नवीन, ते मला कळलेलं नाही.

२० डिसेंबर

रंग पपईसारखा झाला. मी बघत राहिलो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

काल मांडीची कातडी काढून पायावर लावली. पायापेक्षा मांडीच जास्त जळजळते. महिपती घरी गेले. जाताना म्हणाले, "साहेब, पाय बरा झाल्यावर सांगोल्याला या. डाळिंबं खायला. बाईंनाबी घेऊन या. लई सोसलंय त्यांनी."

सोसलं म्हणजे काय? या माणसाला माझ्या बायकोबद्दल माझ्यापेक्षा जास्त काय ठाऊक आहे?

३० डिसेंबर

दानेश्वरी डबा आणायला घरी गेली होती. बजाबाई चादर बदलत होत्या. मी त्यांना सहज म्हणून विचारलं, आमच्या बाईसाहेब आणि डॉक्टर यांचं आधी एवढं काय चाललं होतं हो?

बजाबाई चादर तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमाला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

"बाईंच्या हाताचं आपरेशन हुतं की! सा तारकेला. काकेतलं कातडं आखडलंय न्हवं, त्ये सोडवून तुमच्यागत पडदा घालायचा, मग मांडीचं कातडं. डॉक्टरबाई सवताहून म्हनल्या त्यांना, हात वर जाईल म्हनून. रोज अकराला हात हलवायचं शिकाया जायच्या खाली. लई हारकल्या हुत्या. मला म्हनल्या, बजाबाई, आट्टावीस वरसं झाली, मी येनी सवता घातली न्हाई."

मी विचारलं, मग कागद का फाडला?

"तुमीच म्हनला न्हवं. त्यो पडदा अंगात घालनाऱ्याच्या हातचं पानी पेनार न्हाई म्हनून. सगळा वार्ड ऐकत हुता." त्यांनी चादर खाटेखाली खोचली. "त्या दिसापासनंच तुमाला पानी द्यायचं सोडलं त्यांनी. मी म्हनलं, बाई, आता आपरेशन तर मोडलं, मग पानी का न्हाई देत? तर म्हनल्या, मनात तर आलं हुतं ना माज्या."

पुढं बजाबाई काय बोलल्या ते माझ्या लक्षात नाही.

३१ डिसेंबर

पुरावा म्हणून वही लिहायला घेतली होती. तर आता हेही लिहिलं पाहिजे.

मार्च १९९६. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दानेश्वरी बावीस वर्षांची. मी पंढरपूरला बाजारात तपासणीला गेलो होतो. आई अक्कलकोटला. घरात ती एकटी. पंप मारताना स्टोव्हचा भडका उडाला. उजवा दंड, काख, छातीची कड. शेजाऱ्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

त्या काळात सुनेला स्टोव्हनं भाजलं म्हटलं की लोक एकच अर्थ काढायचे. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा व्हरांड्यातले सगळे माझ्याकडे बघत होते. अधिकारी जबाब घ्यायला आले. मला बाहेर काढलं. दार लावलं. मी व्हरांड्यात उभा होतो. भडका उडाला तेव्हा मी घरात नव्हतो, आई नव्हती, तरी भीती वाटत होती. कारण आत ती काय सांगेल ते माझ्या हातात नव्हतं. आईचं आणि तिचं पटत नव्हतं, मीही आदल्या रात्री तिला वाटेल तसं बोललो होतो. तिनं मनात आणलं असतं तर एका वाक्यात आमच्या घराला कुलूप लागलं असतं.

तिनं खरं तेच सांगितलं. स्टोव्हचा भडका उडाला, घरात मी एकटीच होते.

पण लोकांचं बघणं थांबेना. ऑफिसात कुजबूज. नवव्या दिवशी कुणीतरी सांगितलं की पुन्हा एकदा चौकशी होणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घरी आणलं. डॉक्टर नको म्हणत होते. म्हणत होते, अजून कातडी लावायची आहे, काखेतली जागा उघडी ठेवली तर हात आखडेल. मी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर सही केली. तीच सही, दोन टिंबांची.

घरी मलम लावत राहिलो. जखम पाच महिन्यांनी भरली. तोपर्यंत हात अंगाला चिकटल्यासारखा झाला होता. तिनं कधी विचारलं नाही, का आणलंत. मी कधी सांगितलं नाही.

लोकांनी माझ्यावर संशय घेतला ते दहा दिवस मला अजून आठवतात. त्यानंतर मी जगावर संशय घेत आलो. जिनं मला त्यातून सोडवलं तिच्यावरसुद्धा.

५ जानेवारी २०२५, रविवार

काल घरी आलो. कुबडीवर. पायाला गच्च मोजा. घोट्यावरची जागा काळपट, खडबडीत. पण पाय आहे.

सकाळी दानेश्वरी मेथी निवडत बसली होती. मी समोर खुर्ची घेतली आणि म्हणालो, "मला सगळं कळलंय. मी डॉक्टरांशी बोलतो. उद्याची तारीख गेली तर पुढची घेऊ. तू ऑपरेशन करून घे."

वाटलं होतं, ती रडेल किंवा हसेल. ती मेथी निवडत राहिली.

"नको," ती म्हणाली.

"मी बोललो ते चुकलं. रागात बोललो."

"रागात नाही. विचार करून बोललात. मला तुमचा आवाज कळतो."

तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली.

"आणि तेव्हा घरी न्यायचं तुम्हीच ठरवलं. आता दवाखान्यात न्यायचं, तेही तुम्हीच ठरवणार. हात कुणाचा आहे?"

मी समजावायला लागलो, तर म्हणाली, "सुम्निर्री." आई गेल्यावर घरात कन्नड बोलायचं आम्ही सोडून दिलं होतं. गप्प बसा, एवढंच म्हणाली. पण लग्नाच्या तीस वर्षांत मला तिनं गप्प बसायला सांगितल्याचं आठवत नाही.

१९ जानेवारी

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेचे भोंगे घरापर्यंत ऐकू येतात. मी विषय काढलेला नाही. काढायचा नाही असं ठरवलं आहे. सोपं नाही. दिवसातून चार वेळा वाक्य ओठापर्यंत येतं.

रोज सकाळी ती माझ्या पायाला तेल लावून जागा चोळते. डाव्या हातानं. उजवा टेकवते फक्त.

पाणी आता माझं मीच घेतो, आणि तिच्यासाठीही भरून ठेवतो. पहिल्या दिवशी तिनं तांब्याकडे बघितलं. पिऊन टाकलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तेल लावताना तिचा हात मध्येच थांबला. घोट्यावरच्या त्या जागेवर अंगठा फिरवत राहिली.

"हितं मऊ झालंय," ती म्हणाली. "मला तर ही तुमचीच कातडी दिसते."

थोड्या वेळानं म्हणाली, "तीन दिवस देवासमोर बसून विचार केला. नुसती मांडीची कातडी लावली तर परत आखडायची भीती जास्त, म्हणाल्या डॉक्टरबाई. मी फोन केला होता त्यांना. पडदा घालूनच करणार. सोमवारी सतरा तारखेला भरती."

हे ती मला विचारत नव्हती. मी म्हणालो, "बरं."

"तुम्हाला चालणार नसेल तर—"

"मी येतो बरोबर," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. याबद्दल माझं मलाच बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भरती. त्याच मजल्यावर, पलीकडची खोली. बजाबाईंनी दारातच तिचा गालगुच्चा घेतला, लहान मुलीचा घ्यावा तसा.

डॉक्टरनं संमतीपत्र वाचून दाखवलं. दानेश्वरीनं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ऐकलं. दोन ठिकाणी थांबवून विचारलं. गोवंशाचं वाक्य आलं तेव्हा डॉक्टर थांबली आणि तिच्याकडे बघितलं. दानेश्वरी म्हणाली, "कळलं. पुढं वाचा." मी सवयीनं पेन काढलं. डॉक्टर म्हणाली, "काका, सही काकूंचीच लागते. तुमची नाही."

मग तिनं जुना इतिहास लिहून घ्यायला सुरुवात केली. किती साली, कशानं भाजलं. दानेश्वरीनं सांगितलं, शहाण्णव साली, स्टोव्हचा भडका.

"तेव्हा दवाखान्यात किती दिवस होतात?"

"दहा."

डॉक्टरनं मान वर केली. "एवढं खोल भाजलेलं आणि दहाच दिवस? कातडी लावली नव्हती? का सोडलं तुम्हाला?"

दानेश्वरी खिडकीकडे बघू लागली. मला ते दार लावलेलं आठवलं. आतून तिचा आवाज ऐकू येत नव्हता, ते आठवलं. आज दार उघडं होतं आणि मी आत होतो. ती काय सांगते याची मी वाट बघू लागलो, आणि लक्षात आलं, ती काहीच सांगणार नाही. आजही सोडवणार मला.

"त्यांनी सोडलं नव्हतं," मी म्हणालो. "मी नेलं तिला. डॉक्टर नको म्हणत होते तरी. लोक माझ्यावर संशय घेत होते, मला ते सहन होईना. हात त्यामुळं आखडलाय. स्टोव्हमुळं नाही. असं लिहा."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "मी एवढंच लिहिते की उपचार अर्धवट राहिले," ती म्हणाली.

"नाही, लिहाच डॉक्टरबाई," दानेश्वरी म्हणाली. ती अजून खिडकीकडेच बघत होती. "त्यांनी सांगितलंय तसं लिहा."

डॉक्टरनं लिहिलं. पेनाचा आवाज येत होता.

१९ फेब्रुवारी

ऑपरेशन चार तास चाललं. मी बाहेरच्या बाकावर. बजाबाई दोनदा चहा घेऊन आल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, "हात पूर्ण सुटला. आत घट्ट दोरीसारखं झालं होतं." मी विचारलं, दुखलं असेल का इतकी वर्षं? ती म्हणाली, "ओढ तर रोज बसत असणार."

रोज. म्हणजे दहा हजार दिवसांहून जास्त. मी हिशेब केला आणि खोडला.

१३ मार्च

काल मांडीची कातडी लावली. हात बाजूला आडवा ठेवून बांधला आहे, विमानाच्या पंखासारखा. ती चिडचिड करते. भात मऊ झाला म्हणते, पंखा जोरात म्हणते, मी घोरतो म्हणते. आमच्या लग्नात तिनं एवढ्या तक्रारी कधी केल्या नव्हत्या. मी ऐकून घेतो आणि एकही लिहून ठेवत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज तेच होतं. सकाळ-संध्याकाळ व्यायाम, भिंतीवर बोटं चढवायची, खुणेच्या वर गेली की पुढची खूण करायची. ती ओरडायची, शिव्याही द्यायची. कन्नडमध्ये.

आज तपासणी होती. डॉक्टर म्हणाली, "काकू, करा वर." हात कानापर्यंत गेला. थोडा वाकडा, पण गेला. दानेश्वरीनं मान वळवून स्वतःचाच तळवा बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. म्हणाली, "खांद्यात कळ येते." डॉक्टर म्हणाली, "येऊ दे. अजून सहा महिने व्यायाम सोडायचा नाही."

तिनं मला माफ केलं का, हे विचारायचं मी ठरवून आलो होतो. जिन्यात विचारणार होतो. जिन्यात माणसं होती. मग खाली विचारू म्हटलं.

बाहेर दुपारचा एक वाजलेला. त्रेचाळीस डिग्री. डांबर मऊ झालेलं. मी काठी उंचावून रिक्षांना थांबवत होतो, एकही थांबेना. चार गेल्या. मला वाटलं, काठीवाला म्हातारा बघून मुद्दाम पुढे जातायत. तसं मी तिला म्हणालोही.

"तुम्ही सावलीत उभे राहा," दानेश्वरी म्हणाली.

ती रस्त्याच्या कडेला गेली आणि उजवा हात सरळ वर केला. पदर खांद्यावरून घसरला. काखेजवळची नवी, लालसर, सुरकुतलेली कातडी उन्हात दिसली. रस्त्यावरचे दोघंतिघं बघत होते. तिनं पदर सावरला नाही, हातही खाली घेतला नाही.

रिक्षा थांबली.

ती आधी चढली, सरकून आत बसली. मग मला म्हणाली, "या."